पाण्यावर उभं राहिल्याचा पुरावा

शिवयोगी बिराजदार रोज सकाळी पाण्यावर उभे राहतात, ही गोष्ट जुळे सोलापुरातल्या त्यांच्या सोसायटीत कुणालाही पटत नव्हती. न पटायला कारण होतं. बिराजदार जमिनीवरसुद्धा फारसे उभे राहणाऱ्यांपैकी नव्हते. कॉलेजच्या ऑफिसात ते हेडक्लार्क. सगळी हयात खुर्चीत गेलेली, आणि खुर्चीतून उठायचं ते प्राचार्यांनी बोलावलं तरच, तेही दुसऱ्यांदा बोलावल्यावर. असा माणूस सकाळी सकाळी स्कूटरवर भली मोठी पिशवी टाकून गावाबाहेरच्या तलावावर जातो, पिशवीतली रबरी फळी पंपाने फुगवतो, तिच्यावर उभा राहतो आणि लांब वल्ह्याने पाणी मागं सारत चक्कर मारून येतो, हे ऐकलं की लोक आधी त्यांच्या पोटाकडं बघत आणि मग विषय बदलत.

फळी मुळात त्यांची नव्हतीच. अधिक महिन्यात जावयाला धोंड्याचं जेवण घालायचं, वाण द्यायचं, ही रीत. जावई पुण्याचा, कॉम्प्युटरवाला. "तुम्हाला काय आवडेल ते मोकळेपणी सांगा," असं बिराजदार बोलून बसले. अहो, जावयाला विचारायचं नसतं, द्यायचं असतं. जावई म्हणाला, पॅडलबोर्ड. ती काय चीज आहे हे कळेपर्यंत शब्द देऊन झाला होता. फळी आली. जावयाने तिच्यासोबत फोटो काढला, पुरणाचे धोंडे खाल्ले, "आमच्या फ्लॅटमध्ये हिला जागा नाही हो, इथंच असू द्या," म्हणाला आणि चांदीचं निरांजन तेवढं घेऊन पुण्याला गेला. फळी दिवाणाखाली गेली. पुढं डॉक्टरांनी शुगर बघून व्यायाम सांगितला, आणि आणलेली वस्तू पडून राहू नये या एकाच तत्त्वावर बिराजदार पाण्यात उतरले.

बरेच दिवस ते फळीवर नुसते बसत. मग गुडघ्यांवर आले. आणि एका सकाळी उभे राहिले. आता ह्यात हसण्यासारखं काही नाही. ह्या माणसाची नोकरी मामाने लावलेली, लग्न थोरल्या भावाने ठरवलेलं, मुलीचं नावसुद्धा सासूने ठेवलेलं. उभ्या आयुष्यात दुसऱ्या कुणाच्या सहीशिवाय झालेली ही एकच गोष्ट. ती लोकांनी खरी मानावी, एवढंच त्यांना हवं होतं. पण फार मनापासून हवं होतं.

"पुरावा काय?" शेजारचे जोतिराम ननवरे म्हणाले. जोतिराम कोर्टात बेलिफ होते. लोकांच्या दारावर समन्स चिकटवण्यात जन्म गेल्यामुळे निवृत्तीनंतरही त्यांना शेजारी हा माणूस दिसत नसे, आरोपी दिसे.

"मी सांगतोय की," बिराजदार म्हणाले.

"तुम्ही पक्षकार. पक्षकाराचं कोण ऐकतंय? कॅमेरा लावा. पाण्यात चालणारा छोटा येतो, फळीवर बसवायचा. आणि समजा, देव न करो, उद्या बुडालात, तर कसे बुडालात ते तरी मागं राहील. घरच्यांना सोपं जातं."

कॅमेरा घ्यावा की घेऊ नये, यावर बिराजदारांनी आठवडाभर विचार केला. फाईलवर टिपणी लिहावी तसा, मुद्देसूद. घ्यावा याच्या बाजूने: पुरावा होतो, मुलीला पाठवता येतो, पाय कुठं चुकतो ते कळतं. घेऊ नये याच्या बाजूने: पाण्यात पडला तर गेला. आपण त्यात कसे दिसू, हा मुद्दा टिपणीत आलाच नाही, कारण त्याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती. बायकोला, महानंदाबाईंना, विचारलं तर त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "स्वतःला कशाला बघायचं? मी बघते रोज. काही विशेष नाही." हे मत टिपणीत घेण्यात आलं नाही.

कॅमेरा आला. काडेपेटीएवढा. सोबत छातीवर बांधायचा पट्टा. पट्टा ज्या देशात शिवला त्या देशात पोटं नसावीत. महानंदाबाईंनी त्याला जुन्या परकराची नाडी जोडून दिली तेव्हा कुठं तो पाठीमागं पोचला. पहिलं चित्रीकरण टीव्हीवर लावलं त्या दिवशी जोतिरामांना मुद्दाम चहाला बोलावलं होतं. सबंध वेळ पडद्यावर खाली निळा टी-शर्ट, त्याच्या टोकाला दोन अंगठे आणि पलीकडं पाणी. टी-शर्ट वर जायचा, खाली यायचा. जोतिरामांनी चिवडा संपवला आणि म्हणाले, "पाय कुणाचे, हे यातून सिद्ध होत नाही."

म्हणून मग कॅमेरा फळीच्या पुढच्या टोकाला, बिराजदारांकडं तोंड करून बसवला. आता पाय, पोट, चेहरा सगळं आलं. आणि सगळ्यांत जास्त आला तो बडेसाबचा आवाज.

बडेसाब हा काठावरचा म्हातारा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून चादरी-टॉवेलांचे गठ्ठे भरून मुलूखभर ट्रक हाकलेला माणूस. आता रोज सकाळी गळ टाकून बसे. त्याच्या गळाला मासा लागलेला कुणी पाहिला नव्हता. पाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पोहता येत नव्हतं. पण ड्रायव्हर व्हायच्या आधी तो क्लीनर होता, आणि ट्रक मागं घेताना खाली उतरून ओरडायची सवय हाडात मुरलेली. समोर काहीही हलताना दिसलं की त्याचा हात वर जायचाच.

"येऊ द्या, येऊ द्या, मागं मोकळं हाय. लेफ्ट तोडा साहेब, लेफ्ट. आजून थोडं. बस्स."

बिराजदारांनी सुरुवातीला भीडेखातर ऐकलं आणि बेशरमाच्या झुडपात शिरले. तेव्हापासून ते ऐकत नसत. बडेसाब सांगायचं थांबवत नसे. फळी मोकळ्या पाण्यात असली की तो इतर खात्यांत शिरे. "पोट आत घ्या की साहेब, फोटूत येतंय." "शुगर किती आली ओ परवाची?" रोजच्या चित्रीकरणात निसर्ग कमी आणि बडेसाब जास्त.

एकदा बिराजदार फळी काठाला लावून शक्य तेवढ्या सभ्यपणे म्हणाले, "चाचा, ह्यात आवाज रेकॉर्ड होतोय."

"म्हंजे माजा आवाज बी ह्यात जातोय?"

"जातोय ना. तीच तर अडचण आहे."

यातलं पुढचं वाक्य बडेसाबच्या कानात शिरलंच नाही. दुसऱ्या दिवशी तो धुतलेला कुर्ता घालून आला, खाकरून घसा साफ केला आणि दुप्पट जोराने ओरडू लागला.

आता ती सकाळ. बिराजदार नव्यानेच फळी जागच्या जागी फिरवायला शिकत होते. मागचा पाय थोडा मागं न्यायचा, वल्हं उलटं टाकायचं. अवघड काम, त्याला एकाग्रता लागते. काठावरून चालू होतं: "येऊ द्या, येऊ द्या, राईट काटा, राईट..." बिराजदारांचा संयम सुटला. "गप बसा ओ चाचा जरा," म्हणून ते रागाने काठाकडं वळले. ते वळले, फळी वळली नाही. त्यानंतर काही काळ कॅमेऱ्याने नुसतं आभाळ टिपलं. आवाज मात्र सगळे आले. मोठा धबाका, मग "मेलो", मग "वाचवा", मग "महानंदा, बुडालो गं". हे बराच वेळ चाललं. कॅमेरा हेलकावे खात सरळ झाला तोपर्यंत बिराजदार उभे राहिले होते. पाणी कमरेएवढं होतं. आणि काठावर, कॅमेऱ्याच्या पाठीमागं, बडेसाब हसत होता. गळ बाजूला टाकून, पोट धरून, खाली बसून, खोकला येईपर्यंत आणि खोकला संपल्यावर पुन्हा.

बिराजदारांनी घरी येऊन हे कुणालाच सांगितलं नाही. पण त्यांना कॅमेऱ्यातून फोनवर काही घेता येत नसे, ते काम जोतिराम करत. जोतिरामांनी ते केलं, आणि दुपारच्या आत "बिराजदार साहेबांचा जलविहार" सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होता. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या तोंडांच्या रांगा लागल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तर "महानंदाताई, जपा त्यांना" असंही लिहिलं. चार वाजता कॉलेजचा शिपाई शरणप्पा चहा घेऊन आला. कप ठेवला, पण गेला नाही. "साहेब," तो हळूच म्हणाला, "पाणी कमरेएवढंच होतं, व्हय?"

त्या दिवशी बिराजदारांनी एकाही बोनाफाईडवर सही केली नाही.

"तो व्हिडिओ काढून टाका," ते संध्याकाळी जोतिरामांच्या दारात उभं राहून म्हणाले.

"तुम्हीच म्हणत होता ना, पुरावा पाहिजे? झाला की पुरावा. आणि पुरावा नष्ट करणं हा गुन्हा आहे, बिराजदार."

"मी तुमच्याशी आजपासून बोलणार नाही."

"लेखी द्या," जोतिराम म्हणाले.

बिराजदारांनी ग्रुप सोडला. सोडला तशी सगळ्यांना सूचना गेली, आणि ज्यांनी बघितला नव्हता त्यांनीही आता शोधून बघितला. अब्रूचं असंच असतं, झाकायला गेलं की पांघरूण अपुरं पडतं.

व्हिडिओ फिरत फिरत तलाव ज्यांच्या अखत्यारीत येतो त्या ऑफिसातही पोचला. तिथून पत्र आलं: विनापरवाना जलविहार व चित्रीकरण केल्याबाबत खुलासा. बिराजदार गेले. टेबलामागं गुंडा कोळेकर नावाचे वरिष्ठ लिपिक. चष्मा कपाळावर, समोर पेपर. बिराजदारांनी स्वतः लोकांना ज्या नजरेने आयुष्यभर बघितलं होतं, तीच नजर त्यांना पहिल्यांदा पलीकडच्या बाजूने बघायला मिळाली.

"ही होडी आहे का?" कोळेकरांनी विचारलं.

"नाही. फळी आहे."

"होडी नसेल तर तुम्ही पोहताय. पोहायला बंदी आहे."

"पण मी पाण्यात नसतो, पाण्यावर असतो."

"व्हिडिओत तर पाण्यात होता की."

कोळेकरांनी त्यांना दुसऱ्या टेबलावर पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्यावर, तिसरा रजेवर. बिराजदार मनातल्या मनात दाद देत होते, कारण काम नियमाप्रमाणे चाललं होतं. शेवटी प्राचार्यांचा फोन झाला आणि कोळेकर मऊ झाले. "करा तुमचा व्यायाम, आम्ही बघितलं नाही. पण शूटिंगमध्ये तुमच्याशिवाय दुसरं माणूस दिसायला नको, आवाजही यायला नको. उद्या कोण तक्रार करेल, मला हे प्रकरण परत टेबलावर नको." हे तोंडी होतं. पण बिराजदार सरकारी माणूस. तोंडी आदेश त्यांनी लेखीपेक्षा जास्त मनावर घेतला, आणि खरं सांगायचं तर तो त्यांच्या सोयीचाही होता.

"चाचा, आता तुमचा आवाज चालणार नाही," दुसऱ्या दिवशी फळी फुगवता फुगवता त्यांनी सांगून टाकलं. "सरकारी अट आहे."

बडेसाबने गळ खाली ठेवला. "सरकारला माजा आवाज चालंना व्हय?"

"तसंच समजा."

"बरं," बडेसाब म्हणाला.

त्यानंतर तो यायचा, बसायचा आणि गप्प राहायचा. सवयीने हात वर जायचा, तोंड उघडायचं, मग मिटायचं. बिराजदार तिकडं बघायचं टाळत. आणि मग एके दिवशी दगडावर कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. रुसला असेल म्हातारा, असं बिराजदारांना वाटलं. वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण त्यापेक्षा बरं वाटलं. अंगात बळ आल्यासारखं झालं.

एवढी शांतता पुन्हा मिळते न मिळते, म्हणून त्यांनी कार्डावरचं जुनं सगळं पुसलं, जागा मोकळी केली आणि कॅमेरा लावला. त्या सकाळी सगळंच जमलं. पाणी काचेसारखं. एक बगळा आला, गेला. बिराजदार ताठ उभे, वल्हं लयीत, पोट बऱ्यापैकी आत. फळी जागच्या जागी पूर्ण फिरवली, एकदाही न डगमगता. फिरवून झाल्यावरही ते कशाची तरी वाट बघत क्षणभर वल्हं मारत राहिले, कोणी "बस्स" म्हणालं नाही, मग स्वतःच थांबले. चित्रीकरण झकास झालं होतं. ते कॅमेऱ्याच्या छोट्या काचेवर पुन्हा पुन्हा बघताना त्यांना खरोखर आनंद झाला.

महानंदाबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "चांगलं आहे. ते म्हातारं कुठं गेलं?"

"येत नाही हल्ली."

"विचारलं का कुणाला?"

"कुणाला विचारणार? नुसतं बडेसाब एवढं माहीत."

"रोज भेटत होतं ते माणूस," महानंदाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीशी एक मुलगी आली. मुलगी म्हणजे बाईच, तिशीची, डोक्यावर ओढणी. "बिराजदार साहेब आपणच का?" असं विचारू लागली. बिराजदारांनी घड्याळाकडं बोट दाखवलं. "जेवणाची सुट्टी आहे. नंतर या." आणि खिडकी ओढली. हे काही दुष्टपणाने नव्हे. खिडकी त्या वेळेला ओढायचीच असते, समोर साक्षात कुलगुरू असते तरी ओढली असती. त्यांनी डबा खाल्ला, शेंगाची चटणी संपवली, ताक प्यायले, वर्तमानपत्राची घडी घातली आणि खिडकी उघडली. ती तिथंच बाकावर बसून होती.

"मी झीनत," ती म्हणाली. "बडेसाबची मुलगी. तळ्यावर गळ टाकून बसायचे ते."

"हां, हां. कुठं आहेत चाचा? दिसले नाहीत."

"गेले. झोपेतच गेले. सकाळी चहाला उठवायला गेलो तर..." तिने ओढणी सारखी केली. "फळीवाले साहेब कॉलेजात मोठे क्लार्क आहेत, एवढंच ते सांगायचे. मी दोन कॉलेजं फिरून आले. साहेब, तुमच्या कॅमेऱ्यात त्यांचा आवाज आहे म्हणे. घरी येऊन रोज सांगायचे, माझा आवाज साहेबांच्या मशीनमध्ये जातो. आम्ही घरात फोटो लावत नाही, फोटो नको. अम्मीला आवाज पाहिजे. ते घरात बोलायचेच नाहीत हो. ट्रकवरून यायचे, जेवायचे, झोपायचे. फोनवर तर हं आणि नाही, एवढंच. तुम्ही म्हणाल ते..."

बिराजदारांनी मान हलवली. देतो, म्हणाले. काय बोलले ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"शेवटी शेवटी म्हणायचे, सरकारने माझा आवाज बंद केला," झीनत उठता उठता म्हणाली. "आम्हाला काही कळलं नाही. वय झालं होतं ना. काहीतरी बोलत असतील."

बिराजदार त्या दिवशी अर्धी रजा टाकून निघाले. रजेचं कारण लिहायच्या जागी त्यांनी काहीच लिहिलं नाही, आणि असं त्यांच्या नोकरीत कधी झालं नव्हतं. नव्या पेठेतल्या मोबाईलच्या दुकानात कार्ड दिलं. दुकानदार इंद्रजीत म्हणून तरतरीत गडी, त्याने संगणकाला लावून बघितलं, पुन्हा बघितलं. "काका, नुसतं पुसलं असतं तर काढून दिलं असतं. पुसून त्याच्यावर तुम्ही नवीन भरलंय. आता ह्यात फक्त हे आहे." आणि त्याने लावून दाखवलं. काचेसारखं पाणी, बगळा, ताठ उभे बिराजदार. कुणाचाही आवाज नाही. "क्वालिटी एक नंबर आहे पण," इंद्रजीत म्हणाला.

रोजचं बाकी सगळं जोतिराम बघून लगेच फोनवरून पुसत. आता जगात एकच तुकडा शिल्लक होता, आणि तो कुणाकडं होता हे सांगायची गरज नाही. जोतिरामांच्या बेलचं बटण दाबायला बिराजदारांना बराच वेळ लागला. दार जोतिरामांनीच उघडलं.

"तो व्हिडिओ," बिराजदार म्हणाले. "आहे का अजून?"

जोतिरामांना वाटलं, वाद पुन्हा सुरू झाला. ते सरसावले. "आहे. आणि राहणार. खरं सांगू का, जेवण झालं की रोज एकदा बघतो. बी.पी.ला बरं पडतं."

"पुसू नका," बिराजदार म्हणाले. "पाया पडतो तुमच्या. मला पाठवा."

मग दारातच सगळं सांगितलं. जोतिरामांनी ऐकून घेतलं, मधे एकदाही हरकत घेतली नाही. चष्मा पुसला, फोन काढला, पाठवला. "पोचला का बघा," एवढंच म्हणाले.

पोचला होता. पण आता दुसरा प्रश्न. हा असाच्या असा न्यायचा? दुखवट्याच्या घरात? त्यांच्या जातभाईंसमोर, मेलो-वाचवा सकट? नुसता म्हाताऱ्याचा आवाज ठेवून बाकी कापता येतं, असं इंद्रजीतने फोनवर सांगितलं. बिराजदारांनी त्याच्याकडून कापून घेऊन बघितलं. सुरुवातीचं "येऊ द्या, येऊ द्या, राईट काटा" राहिलं आणि लगेच संपलं. पुढं हसणं होतं, पण ते नुसतं कानावर पडलं की भीतीच वाटायची, एकटा माणूस कशावर हसतोय ते कळायचंच नाही. आणि मधला धबाका ठेवावा, तर बुडालो गं येत होतंच. त्यांनी तीनतीनदा कापून घेतलं, तीनतीनदा जोडून घेतलं.

"साकु आता," महानंदाबाई म्हणाल्या. साकु म्हणजे कानडीत पुरे. त्या चिडल्या की कानडीत शिरत. "आहे तसं न्या. मी पण येते."

"त्यात तुझंही नाव आहे गं."

"बुडताना तरी घेतलंत," महानंदाबाई म्हणाल्या आणि साडी बदलायला गेल्या.

विजापूर वेशीजवळ एका बोळात बडेसाबचं घर. पुढच्या खोलीत चटईवर गल्लीतले चार बाप्ये बसलेले, झीनतचा नवरा आतिफ त्यांच्यात. आतल्या दाराला पडदा. लालबी, बडेसाबची बायको, पडद्याआड होती. ती इद्दतीत होती. नवरा गेला की बाईने काही महिने परक्या पुरुषासमोर यायचं नसतं. म्हणजे बिराजदारांना आत जाता येत नव्हतं. महानंदाबाई फोन घेऊन आत गेल्या आणि बिराजदार बाहेर चटईवर, चहाचा कप हातात घेऊन बसले. आतिफने सरकून जागा दिली.

आत व्हिडिओ लागला. फोनचा आवाज पूर्ण वाढवलेला असावा, कारण बाहेर शब्दन् शब्द ऐकू येत होता. येऊ द्या, येऊ द्या. राईट काटा. आत कुणीतरी हुंदका दिला. मग बिराजदारांना स्वतःचा आवाज ऐकू आला, "गप बसा ओ चाचा जरा." तो इतका खेकसून निघालेला होता की चटईवरच्या एका म्हाताऱ्याने मान वर करून बघितलं. मग धबाका. मग मेलो. मग वाचवा. महानंदा, बुडालो गं. चौघांनी आळीपाळीने बिराजदारांकडं बघितलं आणि हा तोच, हे त्यांना कळलं. बिराजदार कपात बघत राहिले. आणि मग ते हसणं आलं. खोकल्यापर्यंत गेलेलं आणि खोकल्यानंतर पुन्हा सुरू झालेलं.

"कौन हसरा ये?" पडद्याआडून लालबीचा आवाज आला.

"अब्बा, अम्मी."

"नै." मग महानंदाबाईंसाठी ती मराठीत बोलू लागली. "न्हाय ओ बाई. ते कवा हसलेत? लगीन होऊन आलें तवापासनं बघतीय मी. पोरीच्या लग्नात बी न्हाय हसले. दुसरं कोन तरी असंल काठावर."

"तिथं दुसरं कुणी नसायचं," महानंदाबाई म्हणाल्या.

पुन्हा लावला. पुन्हा बिराजदार ओरडले, पडले, मेले, बुडाले. पुन्हा ते हसणं.

"व्हय," शेवटी लालबी म्हणाली. "खोकला त्यांचाच हाय." आणि मग तिला रडू फुटलं, मोठ्याने. बाहेरचे बाप्ये खाली बघू लागले. बिराजदारांच्या हातातला चहा गार झाला होता, तो त्यांनी तसाच पिऊन टाकला.

"साहेब हायत का भायेर?" पडद्याआडून विचारणा झाली.

"आहे. ऐकतोय," बिराजदार म्हणाले.

"रोज हसायचे का ओ तिथं?"

बिराजदारांनी आठवायचा प्रयत्न केला. रोज काय व्हायचं, हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. ते पोट आत घेत होते. "हसायचे," ते म्हणाले. "बरंच हसायचे."

"मंग आजून असंल की तुमच्यापाशी. दुसऱ्या दिवसांचं."

चटईवरचे चौघे त्यांच्याकडं बघत होते. कार्ड खराब झालं, असं म्हणता आलं असतं. कॅमेरा पाण्यात पडला, असंही म्हणता आलं असतं, ते तर सगळ्यांना लगेच पटलं असतं.

"होतं," बिराजदार म्हणाले. "पुष्कळ होतं. मीच पुसलं. मला माझा एकट्याचा पाहिजे होता."

आतिफने रिकामा कप त्यांच्या हातातून काढून घेतला. बोळातून कुणाची तरी मोटरसायकल गेली. मग पडद्याआडून लालबी एवढंच म्हणाली, "मंग हेच लावा परत."

महानंदाबाईंनी लावलं. बिराजदार पुन्हा पडले. त्यानंतर शेजारणी आल्या, त्यांच्यासाठी पडले. झीनतची पोरं शाळेतून आली, त्यांच्यासाठी पडले. ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत ते चटईवर बसून राहिले आणि आत लालबीला जितक्या वेळा हवं होतं तितक्या वेळा पाण्यात पडत राहिले.